व्यायामोत्तर अस्थिरता

व्यायामोत्तर अस्थिरता म्हणजे चालणे, सूर्यनमस्कार, योगासने, जिने चढणे किंवा शेतातील हलके काम अशा साध्या श्रमांनंतर अचानक तोल जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा पायांतील बळ गेल्यासारखे वाटणे. हा स्वतंत्र रोग नसून अनेक निरनिराळ्या कारणांनी उद्भवणारे लक्षण आहे. बहुतेक वेळा त्यामागील कारण निरुपद्रवी असते: श्रम एकदम थांबवल्यामुळे रक्तदाब काही क्षण उतरतो आणि थोड्या विश्रांतीने तो पूर्ववत होतो. मात्र हृदयाच्या झडपांचे विकार, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, रक्तशर्करेची घट किंवा मेंदूचा पक्षाघात यांचीही पहिली खूण कधीकधी हीच असते. त्यामुळे निदान करताना अस्थिरता कोणत्या प्रकारची होती, ती श्रम चालू असताना आली की थांबल्यानंतर, आणि किती वेळ टिकली, या तीन बाबींना सर्वाधिक महत्त्व दिले जाते.

शब्द आणि अर्थच्छटा

मराठीत ‘चक्कर आली’ हा शब्दप्रयोग परस्परांहून भिन्न अशा किमान चार अनुभवांसाठी केला जातो. वैद्यकीय दृष्ट्या त्यांची कारणे वेगवेगळी असल्याने हा भेद उपयुक्त ठरतो.

गरगरणे किंवा घेरी: स्वतः अथवा भोवतालच्या वस्तू फिरत असल्याचा भास होतो. हा अनुभव प्रामुख्याने आंतरकर्णाच्या, क्वचित मेंदूच्या विकाराकडे निर्देश करतो.

भोवळ किंवा अंधारी: डोळ्यांपुढे काळोख दाटतो, आवाज दुरून आल्यासारखे वाटतात आणि शुद्ध हरपेल असे वाटते. मेंदूला होणारा रक्तपुरवठा तात्पुरता घटल्याचे हे लक्षण आहे.

झोक जाणे: डोके हलके वाटत नाही, वस्तू फिरत नाहीत, परंतु चालताना पाऊल सरळ पडत नाही. लहान मेंदू, मज्जारज्जू किंवा पायांतील संवेदी चेता यांच्या विकारांत असे घडते.

हातपाय गळणे किंवा लटपटणे: स्नायूंत शक्ती उरली नाही असे वाटते. रक्तशर्करेची घट, शरीरातील पाण्याची व क्षारांची कमतरता, रक्तक्षय किंवा स्नायूंचा थकवा ही त्याची नेहमीची कारणे होत.

‘अशक्तपणा’, ‘पित्त’ किंवा ‘बीपी लो’ अशा एका शब्दात या चारही अनुभवांची बोळवण केली गेल्यास मूळ कारण दृष्टिआड राहण्याचा संभव असतो.

शरीराचा तोल व व्यायामातील रक्ताभिसरण

उभे राहताना व चालताना तोल राखण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून माहिती मिळत असते: डोळे, आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांलगतच्या पिशव्या, आणि स्नायू-सांध्यांतील संवेदी चेता. लहान मेंदू या माहितीचा मेळ घालून स्नायूंना सूक्ष्म आज्ञा देतो. आंतरकर्णाच्या या कार्यावरील संशोधनासाठी रोबेर्ट बारानी यांना १९१४ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. तीनपैकी एक स्रोत क्षीण असला तरी उरलेले दोन काम भागवून नेतात. मात्र थकवा, अंधार किंवा रक्तपुरवठ्यातील घट यांची भर पडली की झाकलेली उणीव उघडी पडते.

मेंदूला हृदयाकडून निघणाऱ्या रक्ताचा साधारण १५ टक्के वाटा विश्रांतीच्या काळात मिळतो आणि तो अखंड मिळावा लागतो. माणूस उठून उभा राहिला की गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे ५०० ते ८०० मिलिलिटर रक्त पोट व पायांतील नीलांकडे सरकते. मानेतील रोहिण्या व महारोहिणी यांच्या भित्तींत असलेले दाबसंवेदक ही घट तत्काळ ओळखतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व दाब सावरतो.

व्यायामात स्नायूंना अधिक रक्त लागते, म्हणून त्यांच्यातील रक्तवाहिन्या रुंदावतात. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून नीलांमधील रक्त वर ढकलत राहतात. या क्रियेला ‘स्नायुपंप’ असे म्हणतात. श्रम थांबताच हा पंप बंद पडतो, परंतु रुंदावलेल्या रक्तवाहिन्या लगेच अरुंद होत नाहीत. रक्त पायांत साचते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि रक्तदाब उतरतो. व्यायामानंतरची ही सौम्य घट निरोगी व्यक्तींतही आढळते आणि काही तास टिकू शकते. बहुतेकांना ती जाणवत नाही; पाण्याची कमतरता, उष्मा, उपवास किंवा औषधे यांची जोड मिळाली की ती जाणवू लागते.

संभाव्य कारणे

रक्तदाबाशी संबंधित कारणे

श्रम एकाएकी थांबवून निश्चल उभे राहणे हे सर्वांत सामान्य कारण होय. बसल्याजागेवरून किंवा वाकलेल्या स्थितीतून उठल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० मिलिमीटर पाऱ्याने उतरल्यास त्याला उत्थानजन्य न्यूनरक्तदाब म्हणतात. वार्धक्य, दीर्घकालीन मधुमेह व कंपवात यांत दाबसंवेदकांची प्रतिक्रिया मंदावते, त्यामुळे हा विकार अधिक दिसतो. उच्च रक्तदाबावरील गोळ्या, लघवी वाढवणारी औषधे, प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीवर दिले जाणारे टॅमसुलोसिन, तसेच काही मनोविकारांवरील औषधे यांमुळेही असे घडते. भरपेट जेवणानंतर रक्ताचा ओघ आतड्यांकडे वळतो. म्हणून वृद्धांना जेवणानंतर लगेच केलेली शतपावलीही कधीकधी बाधते.

पाणी, क्षार व उष्मा

घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. केवळ तहान भागेल इतके पाणी पिऊन ही तूट नेहमीच भरून निघत नाही. उष्म्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब आणखी उतरतो. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक होते व व्यक्ती असंबद्ध बोलू लागते किंवा अडखळत चालते. ही आणीबाणीची अवस्था आहे.

रक्तशर्करेची घट

रक्तशर्करा प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास थरथर, घाम, छातीत धडधड, भूक व गोंधळ ही लक्षणे दिसतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींना हा धोका विशेष असतो. व्यायामामुळे स्नायू अधिक शर्करा वापरतात व त्यांची इन्सुलिनला मिळणारी प्रतिक्रियाही वाढते; त्यामुळे घट व्यायामानंतर कित्येक तासांनीही होऊ शकते. एकादशी, नवरात्र किंवा रमजानच्या उपवासात औषधाची मात्रा न बदलल्यास ही शक्यता वाढते. निरोगी व्यक्तीत हलक्या व्यायामाने शर्करा धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही.

रक्तक्षय

हिमोग्लोबिन कमी असल्यास रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. विश्रांतीच्या काळात त्रास जाणवत नाही, पण जिना चढताच धाप लागते, धडधडते व डोके हलके होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्यामुळे स्त्रियांच्या बाबतीत हे कारण आरंभीच तपासले जाते.

हृदयविकार

श्रम चालू असतानाच येणारी भोवळ ही श्रम संपल्यावर येणाऱ्या भोवळीपेक्षा अधिक गंभीर मानली जाते. महारोहिणीची झडप अरुंद झाली असल्यास श्रमांची वाढती मागणी हृदय पुरवू शकत नाही. वार्धक्यातील झीज, झडपेची जन्मजात विकृती किंवा बालपणी झालेला संधिवाताचा ताप ही त्याची कारणे असतात. तरुणांत हृदयस्नायूची आनुवंशिक जाडी किंवा ठोक्यांच्या लयीतील जन्मजात दोष आढळू शकतो. कुटुंबात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असल्यास ही माहिती निदानासाठी मोलाची ठरते. उतारवयात, विशेषतः मधुमेहींत, छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. तेव्हा घाम, धाप व अस्थिरता एवढीच लक्षणे दिसतात.

आंतरकर्णाचे विकार

आंतरकर्णातील चुनखडीचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरल्यास मान वळवताच किंवा वाकताच गरगरते. हा झटका सहसा एका मिनिटापेक्षा कमी टिकतो. सूर्यनमस्कार, सर्वांगासन किंवा मान फिरवण्याचे व्यायाम यांनंतर येणारी घेरी अनेकदा याच प्रकारची असते. येथे कारण श्रम नसून डोक्याच्या स्थितीतील बदल हे असते. १९५२ साली मार्गारेट डिक्स व चार्ल्स हॉलपाइक यांनी वर्णन केलेल्या तपासणीने त्याचे निदान होते. डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण मूळ जागी नेता येतात. त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही.

मेंदू व चेतासंस्थेचे विकार

लहान मेंदू व मस्तिष्कस्तंभाचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास अचानक झोक जातो. सोबत एकाच्या दोन वस्तू दिसणे, बोबडे बोलणे, गिळताना ठसका लागणे किंवा एका बाजूस बधिरपणा येऊ शकतो. लहान मेंदूच्या पक्षाघातात हातापायांतील शक्ती शाबूत राहूनही रुग्णाला आधाराशिवाय बसता किंवा उभे राहता येत नाही. त्यामुळे तो साधी चक्कर समजून दुर्लक्षिला जाण्याचा धोका असतो.

मधुमेह किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळे पायांतील संवेदना मंदावतात. ‘चपला पायांतून निघाल्याचे कळत नाही’, ‘तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो’ अशा तक्रारी यात आढळतात. ब-१२ प्रामुख्याने प्राणिज पदार्थांतून मिळत असल्याने शाकाहारी व्यक्तींत, विशेषतः दूधदुभते कमी घेणाऱ्यांत, ही कमतरता संभवते.

श्वसनाशी संबंधित कारणे

भस्त्रिका, कपालभाती यांसारख्या क्रियांत श्वास फार जलद व खोल घेतला गेल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. डोके हलके होणे, ओठांभोवती व बोटांत मुंग्या येणे ही त्याची लक्षणे असून श्वास संथ केल्यावर ती ओसरतात. भीतीच्या झटक्यातही हेच घडते.

हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके असून सोयाबीन व हळद ही येथील प्रमुख पिके आहेत. जिल्ह्यातील श्रमांचे स्वरूप पाहता वर वर्णिलेली अनेक कारणे येथे एकत्र येतात.

हळदीची काढणी, शिजवणी व वाळवणी ही कामे उन्हाळ्याच्या तोंडावर व उन्हाळ्यात चालतात. कढईजवळची धग व बाहेरचे ऊन यांचा दुहेरी ताण शरीरावर पडतो. मे महिन्यात मराठवाड्याचे कमाल तापमान ४० अंशांपलीकडे जाणे नेहमीचे आहे. सोयाबीनची कापणी किंवा खुरपणी करताना दीर्घकाळ उकिडवे बसून वा वाकून एकदम उठावे लागते. सकाळी केवळ चहा घेऊन शेतावर जाणाऱ्या, त्यातही रक्तक्षय असलेल्या स्त्रीला अशा वेळी अंधारी येण्यास मोठ्या श्रमांची गरज नसते.

पिकांवर फवारणी करणाऱ्यांच्या बाबतीत कीटकनाशकाची बाधा ही वेगळी शक्यता ध्यानात घ्यावी लागते. ऑर्गेनोफॉस्फेट वर्गातील औषधे त्वचेतून व श्वासातून शरीरात शिरतात. लाळ व घाम सुटणे, मळमळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे आणि पाय लटपटणे अशी लक्षणे त्यात दिसतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणीनंतरची अस्थिरता ‘उन्हाची चक्कर’ म्हणून सोडून देणे म्हणूनच धोक्याचे असते.

संत नामदेवांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या नर्सी नामदेव येथून आषाढी वारीसाठी पालखी पंढरपूरला जाते. वारकऱ्यांत उतारवयाच्या व्यक्तींची संख्या मोठी असते. दिवसभर चालल्यावर मुक्कामी एकदम थांबणे, कीर्तनात बराच वेळ उभे राहणे, जेवणाच्या वेळा बदलणे व नेहमीच्या गोळ्या चुकणे किंवा उपाशीपोटी घेतल्या जाणे, ही अस्थिरतेची कारणे त्यांच्यात संभवतात.

हिंगोली येथे राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व स्त्रियांना ८०० मीटर, तर राखीव बलासाठी ५ किलोमीटर धावावे लागते. त्यासाठी ग्रामीण तरुण पहाटे सराव करतात. धाव संपताच जागीच थांबल्याने येणारी भोवळ त्यांच्यात सामान्य आहे. मात्र धावतानाच शुद्ध हरपल्यास पूर्ण हृदयतपासणी होईपर्यंत सराव थांबवणे आवश्यक असते.

या जिल्ह्यात अस्थिरतेचे एक बाह्य कारणही संभवते. २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी येथे सुमारे ४.५ रिश्टर तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. जमीन हलल्याचा भास खरा की शारीरिक, हे टांगलेल्या वस्तू, भांड्यातील पाणी व इतरांचा अनुभव यांवरून ठरवता येते.

निदान

निदानाचा पाया रुग्णाने व प्रत्यक्षदर्शींनी सांगितलेला वृत्तान्त हा असतो. अस्थिरता काही सेकंद टिकल्यास स्थितिबदल किंवा हृदयाची लय, काही मिनिटे टिकल्यास रक्तदाब, शर्करा किंवा मेंदूचा क्षणिक रक्ताभाव, आणि तासन्‌तास टिकल्यास आंतरकर्णाचा दाह अथवा पक्षाघात यांचा विचार प्राधान्याने केला जातो.

प्राथमिक तपासण्या तालुका पातळीवर होऊ शकतात: आडवे असताना व उभे राहिल्यानंतर एक आणि तीन मिनिटांनी रक्तदाब मोजणे, बोटातील थेंबभर रक्तावरून शर्करा पाहणे, हिमोग्लोबिन व ईसीजी. पाय जुळवून, डोळे मिटून उभे करण्याची चाचणी जर्मन वैद्य मोरित्स रोम्बर्ग यांच्या नावाने ओळखली जाते. डोळे मिटताच तोल गेल्यास पायांतील संवेदनांचा विकार संभवतो. आवश्यकतेनुसार इकोकार्डिओग्राफी, चोवीस तासांचे हृदयालेखन, ब-१२ ची पातळी किंवा मेंदूचा एमआरआय केला जातो. घेत असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवणे ही तपासणीइतकीच उपयुक्त बाब आहे.

प्रथमोपचार

भोवळ येत असलेल्या व्यक्तीस सावलीत उताणे निजवून पाय किंचित उंच करावेत. तिला उभे धरून ठेवणे किंवा खुर्चीत बसते ठेवणे चुकीचे आहे, कारण त्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा आणखी घटतो. व्यक्ती पूर्ण शुद्धीवर असल्यास पाणी, मीठ-साखरेचे पाणी किंवा जलसंजीवनी घोट-घोट द्यावी. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. तिला कुशीवर वळवावे. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याच्या प्रथेचा कोणताही उपयोग नाही व त्यात वेळ वाया जातो.

मधुमेही शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा शर्करा तपासावी व नंतर जेवण द्यावे. उष्माघाताचा संशय असल्यास अंगावर पाणी ओतून वारा घालावा. फवारणीनंतर त्रास झाल्यास कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. श्वास व नाडी बंद असल्यास तत्काळ छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी.

धोक्याची लक्षणे

पुढील परिस्थितीत विश्रांतीने बरे वाटण्याची वाट पाहू नये:

• श्रम चालू असतानाच शुद्ध हरपणे
• छातीत दुखणे, धाप लागणे किंवा ठोके अनियमित पडणे
• चेहरा वाकडा होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, दृष्टी दुहेरी होणे
• आधाराशिवाय बसता किंवा चालता न येणे
• अचानक उद्भवलेली तीव्र डोकेदुखी
• काळी, डांबरासारखी शौचास होणे
• गरोदरपण किंवा पडल्यामुळे डोक्यास मार लागलेला असणे

रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पक्षाघातानंतर साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. हिंगोली शहरात जिल्हा सामान्य रुग्णालय असून २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. शेजारच्या नांदेड येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दूरच्या गावातून निघताना लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली याची नोंद करून ठेवल्यास उपचाराचा निर्णय लवकर होतो.

प्रतिबंध

व्यायाम एकदम न थांबवता शेवटची पाच ते दहा मिनिटे गती हळूहळू कमी करावी. धाव संपल्यावर चालत राहावे. उभे राहणे भागच असल्यास पोटऱ्या आवळाव्यात व टाचा वर-खाली कराव्यात. उकिडव्या स्थितीतून उठताना आधी गुडघ्यांवर यावे, क्षणभर थांबावे व मग उभे राहावे. उन्हाळ्यात कामापूर्वी व कामादरम्यान पाणी, ताक किंवा लिंबू-सरबत घ्यावे. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मीठ व पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. उपवास किंवा वारीपूर्वी मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या औषधांची मात्रा ठरवून घ्यावी. ती परस्पर बंद करू नये.

निरुपद्रवी कारणाने आलेल्या अस्थिरतेमुळे व्यायाम कायमचा सोडून देणे हितावह नसते. निष्क्रियतेने पायांचे स्नायू दुर्बल होतात, स्नायुपंप क्षीण होतो आणि उभे राहताच अंधारी येण्याचे प्रमाण वाढते. म्हणून गंभीर कारण नसल्याची खात्री झाल्यानंतर व्यायाम थोड्या प्रमाणात पुन्हा सुरू करून हळूहळू वाढवण्याचा सल्ला दिला जातो.